आपलं घरचं सूपशास्त्र

सूप हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. आजीला विचारलंत तर ती भिंतीला टांगलेलं, धान्य पाखडायचं सूप दाखवील. एखादं कार्य आटोपलं की आपण 'सूप वाजलं' म्हणून मोकळे होतो. नातवाला विचारलंत तर तो मात्र हॉटेलातल्या वाफाळत्या वाडग्याबद्दल बोलेल. गंमत म्हणजे नातवाचा हा अर्थही आपल्याकडे जुनाच आहे. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आमटी किंवा रस्सा आणि ते रांधणारा तो सूपकार. 1875 साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी मराठीत पाककृतींचं पुस्तक छापलं, त्याचं नावच मुळी 'सूपशास्त्र' होतं. तेव्हा मैत्रिणींनो, आज इटालियन पद्धतीच्या सुपाची कृती देताना परक्याच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही.

डिसेंबर उजाडला की आमच्या रायपूरच्या शास्त्री बाजारात भाज्यांचे ढीग लागतात. धमधा-दुर्ग भागातले लालबुंद टोमॅटो, कोवळे मटार, गाजरं, कोबी, शिवाय छत्तीसगडच्या नाना प्रकारच्या 'भाज्या'. इथे भाजी म्हणजे पालेभाजीच. लाल भाजी, चौलाई, पालक, चेच, मुनगा म्हणजे आपला शेवगा. एवढं सगळं स्वस्त आणि ताजं मिळत असताना रात्रीच्या जेवणाला काय करावं हा प्रश्न पडतोच, कारण घरातल्या चार माणसांच्या चार तऱ्हा. आजोबांना चावत नाही, मुलांना भाजी नको, एकाला रात्री पोळी जड वाटते, एक जण दहाला घरी येतो. अशा वेळी आमच्याकडे एकच मोठं पातेलं चुलीवर चढतं आणि सगळ्यांचं भागतं.

या सुपाला आमच्या घरात 'इटालियन' एवढंच नाव आहे. "आज इटालियन करू या का?" असं कोणी म्हटलं की मुलं मटार सोलायला बसतात. ते इटलीहून कोणी आणलेलं नाही. सासूबाईंनी लग्नानंतर काही वर्षांनी एका मासिकातली कृती कापून ठेवली होती. कात्रण केव्हाच हरवलं, पण सूप राहिलं. त्यात सेलरी लिहिली होती, ती इथे मिळत नव्हती, म्हणून कांद्याची पात आली. झुकिनी हे नावही कोणी ऐकलं नव्हतं, म्हणून दुधी आला. एका वर्षी शेवया संपल्या होत्या म्हणून मूठभर तांदूळ पडले आणि ते इतकं जमलं की पुढे तांदूळच पडत राहिले.

रायपूरच्या मराठी घरांना अशी देवाणघेवाण अंगवळणीच पडलेली आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर आला, तेव्हापासून मराठी माणसं इकडे येत राहिली. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होतं, त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे कचेऱ्या, शाळा, रेल्वे यांच्या निमित्ताने कितीतरी कुटुंबं इथे स्थिरावली. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात आजही मराठी कानावर पडतं. बाहेर हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि घरात मराठी, अशी आमची तीन पदरी जीभ. मग स्वयंपाक तरी एका पदराचा कसा राहील? आमच्या ताटात पुरणपोळीच्या शेजारी तांदळाच्या पिठाचा चीला आणि फरा सुखाने नांदतात. त्या पंक्तीत इटलीचं सूप येऊन बसलं तर कोणाला दाटी झाली नाही.

आणि खरं सांगायचं तर इटलीतही या सुपाची एकच एक कृती नाही. त्याचं तिथलं नाव मिनेस्ट्रोने. तिकडे 'मिनेस्त्रा' म्हणजे सूप, मिनेस्ट्रोने म्हणजे भरपूर जिन्नस असलेलं दांडगं सूप. गोरगरिबांच्या, शेतकऱ्यांच्या घरातलं हे खाणं. बागेत जे असेल ते, घरात जे कडधान्य असेल ते. जिनोव्हा शहरात त्यात तुळशीच्या जातीच्या बेसिलची चटणी मिसळतात. मिलानच्या बाजूला तांदूळ पिकतो, म्हणून तिथे तांदूळ घालतात. तस्कनी प्रांतात उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी शिळ्या पावाबरोबर पुन्हा उकळतात आणि त्याला 'रिबोलिता' म्हणजे 'पुन्हा उकळलेलं' असं सरळ नाव देतात. ज्या टोमॅटोशिवाय आज हे सूप डोळ्यांसमोर येत नाही, तो टोमॅटो आणि राजम्याच्या जातीची कडधान्यं तर सोळाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आली. म्हणजे बदल हा या सुपाचा स्वभावच आहे. धानाचा कटोरा म्हणवणाऱ्या छत्तीसगडात त्यात तांदूळ पडले, तर मिलानच्या गृहिणीला त्यात काहीच वावगं वाटणार नाही.

या सुपाशी जोडलेली एक गोष्ट मोठी मजेदार आहे. पेलेग्रिनो आर्तुसी नावाचे एक इटालियन गृहस्थ 1855 साली लिव्होर्नो या बंदराच्या गावी गेले होते. रात्री त्यांनी मिनेस्ट्रोने खाल्लं आणि मग रात्रभर पोटाने त्यांना छळलं. त्यांनी सगळा राग सुपावर काढला. फ्लॉरेन्सला परतल्यावर त्यांना कळलं की लिव्होर्नोत पटकीची साथ आली होती आणि ज्यांच्या घरी ते उतरले होते ते घरमालकच तिला बळी पडले. बिचाऱ्या सुपावर उगाच आळ आला होता! याच आर्तुसींनी पुढे 1891 साली घरगुती इटालियन स्वयंपाकाचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलं आणि त्यात ही हकिगत सांगून मिनेस्ट्रोनेची कृतीही दिली. पहिल्या आवृत्तीत 475 कृती होत्या. मग ठिकठिकाणच्या घरांतून वाचकांची पत्रं येऊ लागली, कोणी नवी कृती कळवली, कोणी सुधारणा सुचवली, आणि पुस्तक वाढत वाढत 790 कृतींवर गेलं. घरोघरच्या बायकांच्या हातात असलेलं ज्ञान कागदावर उतरलं म्हणून टिकलं.

आपल्याकडे 1970 साली 'रुचिरा' आली तेव्हा हेच घडलं. कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याच्या मापात कृती सांगितल्या आणि माहेरापासून दूर, नव्या गावात संसार मांडणाऱ्या कितीतरी मुलींना आधार मिळाला. पण पुस्तकात सगळ्यांच्या घरचं येतं, आपल्याच घरचं येत नाही. ते आपणच लिहावं लागतं.

आमच्या मुलीने शिकायला पुण्याला गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात फोन केला. "आई, आजीचं इटालियन सांग ना. मी केलं, पण लागतच नाही तसं." मी सांगायला लागले आणि लक्षात आलं की 'थोडं', 'जरासं', 'अंदाजाने' यापलीकडे सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. हे सूप कायम सासूबाईंच्याच हातचं. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. हात थरथरतो, म्हणून चिरणं माझ्याकडे आलं आहे, पण मीठ-मिरपूड अजून त्याच घालतात.

मग एका रविवारी मी वाटी, चमचा आणि वही घेऊन ओट्याशी उभी राहिले. "आई, मुठीने घालू नका, आधी वाटीत घ्या." त्या हसल्या. "अगं, मूठ हीच माझी वाटी." पण घेतलं त्यांनी मोजून. त्यांची एक मूठ तांदूळ म्हणजे वाटीचा तिसरा हिस्सा भरला. 'थोडा वेळ' परतायचा कांदा घड्याळ लावून पाहिला, तर चांगली पंधरा मिनिटं! मुलीचं सूप का 'लागत' नव्हतं ते तिथेच कळलं. ती आपल्या भाजीसारखा चटकन दोन मिनिटांत कांदा परतून मोकळी होत होती.

त्या रविवारी वहीत उतरलेली ही कृती. सहा माणसांना पुरते. वाटी नेहमीची आमटीची, साधारण दीडशे मिलिलिटरची.

साहित्य

अर्धी वाटी राजमा किंवा पांढरी चवळी, 2 मध्यम कांदे, 2 गाजरं, 2 काड्या सेलरी (नसल्यास चार काड्या कांद्याची पात, मूठभर कोथिंबिरीचे कोवळे देठ आणि चिमूटभर ओवा), 5-6 लसूण पाकळ्या, 4 मोठे पिकलेले टोमॅटो, 1 बटाटा, 1 वाटी दुधीच्या फोडी, 8-10 फरसबीच्या शेंगा, अर्धी वाटी मटार, 1 वाटी चिरलेला कोबी, 2 वाट्या चिरलेला पालक किंवा चौलाई, पाव वाटी तांदूळ किंवा अर्धी वाटी छोटी मॅकरोनी, 3 मोठे चमचे तेल, दीड लहान चमचा मीठ, ताजी मिरपूड, 8-10 सब्जाची पानं आणि वरून घालायला किसलेलं चीज.

कृती

राजमा रात्रभर भिजत घाला. सकाळी ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरला मऊ शिजवून घ्या. शिजवलेलं पाणी राखून ठेवा.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल किंचित गरम करून बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी किंवा पात-देठ-ओवा घाला. चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर झाकण ठेवून पंधरा मिनिटं होऊ द्या. मधूनमधून हलवा. कांदा पारदर्शक आणि गोडसर व्हायला हवा, लाल नव्हे. मग ठेचलेला लसूण घालून मिनिटभर परता आणि टोमॅटो बारीक चिरून घाला. तेल कडेने सुटेपर्यंत शिजवा.

आता राजम्याचं पाणी आणि साधं पाणी मिळून आठ वाट्या घाला. उकळी आली की बटाटा आणि फरसबी टाका. दहा मिनिटांनी दुधी, कोबी, मटार आणि तांदूळ घाला. आणखी बारा-पंधरा मिनिटांनी राजमा घाला, पण त्यातला एक डाव राजमा आधी वाटीत काढून चमच्याने घोटून मग मिसळा. शेवटी पालक घालून पाच मिनिटं उकळा. मीठ आणि मिरपूड चव पाहून घाला. गॅस बंद केल्यावर सब्जाची पानं हाताने तोडून टाका आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. वाढताना वरून चीज.

सासूबाई म्हणतात, "यातल्या तीन गोष्टी सोडायच्या नाहीत, बाकी बाजारात मिळेल ते." त्या तीन गोष्टी वहीत मी लाल शाईने लिहिल्या आहेत.

पहिली, कांद्याची पंधरा मिनिटं. आपली फोडणी कडक तेलात तडतडते. इथे नेमकं उलट आहे. मंद आचेवर कांद्याचा उग्रपणा जातो आणि गोडवा उरतो. गाजर-टोमॅटोचा रंग आणि स्वाद तेलात उतरतो आणि मग सगळ्या पाण्यात पसरतो. या सुपात मसाला नाही, सगळी चव इथूनच येते.

दुसरी, राजमा वेगळा शिजवायचा आणि थोडा घोटायचा. टोमॅटोच्या आंबटपणात कडधान्य लवकर मऊ होत नाही, म्हणून ते आधी शिजलेलं हवं. आणि घोटलेल्या राजम्याने सूप आपोआप दाट होतं. कॉर्नफ्लोअर लागत नाही.

तिसरी, तांदूळ किंवा मॅकरोनी जेवायच्या वेळेला हवी. आधी घालून ठेवली तर ती पाणी पिऊन फुगते आणि तासाभराने सुपाची खिचडी होते. जे उशिरा येणार त्यांच्यासाठी मॅकरोनी वेगळी उकडून ठेवा आणि वाडग्यात घालून वर गरम सूप ओता.

बाकीची मोकळीक खुशाल घ्या. फरसबीऐवजी गवार नको, तिचा कडवटपणा उतरतो. पण शेवग्याची कोवळी पानं छान लागतात. लाल भाजी घातलीत तर सूप गुलाबी होतं आणि मुलं ते आधी मागतात. सब्जाच्या पानांबद्दल थोडं सांगायला हवं. फालुद्यात आपण ज्या झाडाचं बी घालतो तो सब्जा आणि इटलीचं बेसिल ही एकाच जातीची झाडं. चमचाभर सब्जा कुंडीत पेरलात तर महागडी पुडी आणायला नको. देवाची तुळस मात्र वेगळी. ती उग्र असते, सुपात घालू नका. पावाऐवजी आम्ही अंगाकर खातो. तांदळाच्या पिठाची ही छत्तीसगढी जाड भाकर सुपात बुडवून खावी, पाव विसराल.

आता थोडी सावधगिरी. लाल राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला पोटात गेला तर उलट्या होतात, चार-पाच दाणेसुद्धा पुरतात. भिजवून पाणी फेकणं आणि नंतर खळखळून उकळणं या दोन्ही गोष्टी हव्यातच. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट शिजवू नका. मध्य इटलीत अशा सुपात 'चिचेर्किया' नावाचं कडधान्य घालतात. ते म्हणजे छत्तीसगडचा तिवरा, विदर्भातली लाखोळी. दुष्काळात महिनोन्‌महिने केवळ तिच्यावरच राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याची उदाहरणं आपल्या भागाला माहीत आहेत. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने विषारी अंश कमी असलेला 'महातिवरा' हा वाण काढला आहे, तरीही आमच्या पातेल्यात राजमा आणि चवळीच असते.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट. इटलीचं अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. तेव्हा चीज घेताना वेष्टनावरची हिरवी खूण पाहून घ्या. पाकिटातल्या सुपाची सवय असेल तर त्याच्या वेष्टनावर मीठ किती तेही एकदा वाचा. मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट लहान चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या माणसाचा वाडगा आधी काढून घ्या, मीठ नंतर घाला. त्यांना वरून लिंबू पिळून द्या, अळणी लागत नाही. आजोबांसाठी त्याच सुपाचे दोन डाव मिक्सरमधून काढावेत. तेवढ्याने त्यांना वेगळं, 'आजाऱ्याचं' जेवण जेवतोय असं वाटत नाही. उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. दुसऱ्या दिवशी ते आणखी चविष्ट लागतं, पण नीट उकळी आणूनच खा.

पुण्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी फोन आला, तो माझ्यासाठी नव्हताच. "आजीला दे." मग आजी-नातीचं बराच वेळ चाललं. तिकडे तिने पालकाऐवजी मेथी घातली होती. मला वाटलं, सासूबाई रागावणार. त्यांनी विचारलं, "कांद्याला पंधरा मिनिटं दिलीस ना? मग घाल मेथी. पण थोडीच घाल, कडू होईल." मी वहीत नोंद करून ठेवली, 'मेथी, पाव वाटी, पुणे'.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असा एखादा पदार्थ असेल, जो एकाच माणसाच्या हातात आहे. आमटी असेल, लोणचं असेल, बाळंतिणीचे लाडू असतील. येत्या रविवारी वाटी-चमचा आणि वही घेऊन त्या माणसाशेजारी उभ्या राहा. मूठ मोजून घ्या, घड्याळ पाहा, आणि 'यातलं काय सोडायचं नाही' एवढं आवर्जून विचारा. वहीत शेवटी दोन-चार पानं कोरी सोडा. पुढच्या मुलींना लिहायला जागा हवी.